सही कुणाची आहे ते आधी बघा

गेल्या अंकात मी कंपन्यांच्या लबाड्यांवरच्या डॉक्युमेंटरींची चार-पाच नावं दिली होती. मला वाटलं कुणी बघणार नाही, लोक सरळ पाककृतीच्या पानावर जातात. पण पत्रं आली, मेल आले, एका काकांनी तर सात मिनिटांची व्हॉइस नोट पाठवलीये. जमतील तेवढ्यांना उत्तरं देते. आधीच सांगते, मी काही सिनेमाची जाणकार वगैरे नाही, बँकेत आधी काउंटरवर नि मग लोन सेक्शनला एकतीस वर्षं काढलेली बाई आहे, त्यामुळे कॅमेरा कुठे लावलाय यापेक्षा कागदावर सही कुणाची आहे तिकडे माझं लक्ष आधी जातं. सवय, दुसरं काय.

ताई, तुम्ही एन्रॉनच्या फिल्मचं नाव दिलंत. माझं गाव गुहागर तालुक्यात, लहानपणी मोर्चे पण बघितलेत नि एसआरपीच्या गाड्या पण. त्या फिल्ममध्ये आपल्या दाभोळ प्रकल्पाबद्दल काय आहे?
(एक वाचक, सध्या चिपळूण)

दादा, खरं सांगू का, फार काही नाही. 'एन्रॉन: द स्मार्टेस्ट गाईज इन द रूम' ही अॅलेक्स गिब्नीची २००५ ची फिल्म, बेथनी मॅक्लीन आणि पीटर एलकाइंड या दोन पत्रकारांच्या पुस्तकावरून केलेली, जवळजवळ दोन तासांची, आणि त्यात दाभोळ येतं नि जातं, चहा टाकायला उठलात तर चुकेल. पण जेवढं येतं तेवढं झोंबतं. जिथे दुसरं कुणी हात घालेना तिथे एन्रॉनने, म्हणजे अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या वीज-गॅसवाल्या कंपनीने, वीज प्रकल्प काढला, ती वीज घेणाऱ्याला परवडणारीच नव्हती, आणि तरी अधिकाऱ्यांना लाखो डॉलरचे बोनस वाटून झाले, पुढे होणाऱ्या नफ्याच्या जोरावर. तो नफा काही झाला नाही. बोनस कुणी परत दिला नाही.

आता आपली बाजू फिल्ममध्ये नाही म्हणून इथे सांगते, कारण आज पंचविशीत असलेल्यांना एन्रॉन म्हणजे काय हेच माहीत नाही (माझ्या भाचीला ते औषध वाटलं). १९९२ ला सामंजस्य करार, १९९३ च्या डिसेंबरात वीज मंडळाशी खरेदी करार. त्याच १९९३ साली वर्ल्ड बँकेने कळवलं होतं की हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या टिकणारा नाही, आम्ही पैसे घालणार नाही. पुण्याच्या 'प्रयास' या विजेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची मंडळी आकडे मांडून सांगत होती की हे महागात पडणार. १९९५ मध्ये एन्रॉनच्या अधिकारी बाई अमेरिकन संसदेच्या समितीपुढे बोलून गेल्या की भारतीयांना या विषयात 'शिक्षित' करायला कंपनीने २ कोटी डॉलर खर्च केलेत, त्यावर इथे केवढा गदारोळ झाला होता, आमच्या कॅन्टीनमध्ये महिनाभर कुणी कुणाला चहा पाजला की 'शिक्षण चाललंय' म्हणायचे. निवडणुकीत एन्रॉन अरबी समुद्रात बुडवायच्या घोषणा झाल्या, सरकार बदललं, ऑगस्ट १९९५ ला प्रकल्प रद्द झाला, मग एन्रॉनच्या दुसऱ्या एक बड्या अधिकारी, रेबेका मार्क, मुंबईच्या चकरा मारायला लागल्या, नव्याने वाटाघाटी झाल्या आणि १९९६ च्या जानेवारीत तोच प्रकल्प समुद्रातून आणखी मोठा होऊन वर आला, एकूण २१८४ मेगावॉट. त्यातला ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा मे १९९९ ला सुरू झाला.

करारातली मेख सांगते. खानावळीचा डबा लावलाय, तुम्ही महिनाभर गावाला गेलात तरी डब्याचे पैसे पूर्ण द्यायचे, वर डाळीचा भाव वाढला तर तो फरक वेगळा द्यायचा, आणि हा सगळा हिशोब डॉलरमध्ये. वीज घ्या नाहीतर नका घेऊ, यंत्रं तयार ठेवल्याचे पैसे मंडळाने भरायचेच. त्यातून गंमत अशी की महाग म्हणून कमी वीज घेतली की त्या ठरलेल्या पैशामुळे युनिटचा भाव आणखी चढायचा, म्हणून आणखी कमी घ्यायची. मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणंच थांबवलं, २ डिसेंबर २००१ ला तिकडे ह्यूस्टनची मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांची रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनी काढून तो सांगाडा तिच्याकडे दिला. मोर्चे काढणाऱ्यांचं, प्रकल्पाशेजारच्या वेलदूरच्या बायकांना घरातून ओढून नेलं त्याचं काय झालं, हे तुम्ही फिल्ममध्ये शोधू नका. त्यावर ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्कवाल्या संस्थेने १९९९ ला अख्खा रिपोर्ट काढलाय. गिब्नीला जवळचा होता तो कॅलिफोर्नियाचा अंधार, आणि तो भाग मात्र त्याने जबरदस्त केलाय, एन्रॉनचे दलाल फोनवर हसत हसत वीज केंद्रं बंद ठेवायला सांगतायत, भाव चढावेत म्हणून, आणि ते टेप आपल्याला ऐकवलेत. बाकी फिल्म विसरलात तरी ते हसणं विसरत नाही.

मी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. एन्रॉनच्या फिल्ममधला मार्क टू मार्केट हा प्रकार दोनदा रिवाइंड करून पण डोक्यावरून गेला. सोप्या भाषेत सांगाल का?
(एक विद्यार्थी, लातूर)

अरे तू लातूरचा, तुला तर हे घरबसल्या समजायला हवं. 'बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी', झालं, हेच मार्क टू मार्केट, निदान एन्रॉनवालं.

समज तुझ्या काकांनी डाळमिलशी वीस वर्षं तूर द्यायचा करार केला. पेरणी व्हायचीये. पण काकांनी बसून वीस वर्षांचा अंदाज काढला, पाऊस चांगला धरला, भाव चढता धरला, अळी अजिबात धरली नाही, आणि सगळा नफा याच वर्षीच्या वहीत जमा दाखवला आणि गावजेवण घातलं. बरं, पुढच्या वर्षी काय दाखवणार? या करारातलं तर सगळं खाऊन झालं. म्हणजे नवा करार हवा, आणि नफा वाढता दिसायला हवा म्हणून तो आधीपेक्षा मोठा हवा. आणि तूर आलीच नाही तर? तर वही खोटी ठरते, म्हणून ती कुणाला दिसू द्यायची नाही.

पद्धत मुळात चोरांची नाही हे पण लक्षात ठेव, नाहीतर परीक्षेत भलतंच लिहून येशील. बँकेत रोखे आम्ही पण बाजारभावाने धरायचो, पण तिथे भाव रोज छापून येतो, तो मी ठरवत नाही. एन्रॉनला अमेरिकेच्या एसईसीने, म्हणजे तिथली सेबीच, १९९२ मध्ये ही पद्धत वापरायला परवानगी दिली, आणि जिथे बाजारच नाही तिथला भाव ते स्वतःच ठरवायला लागले. ब्लॉकबस्टर या व्हिडिओ कॅसेटवाल्या कंपनीबरोबर घरोघरी सिनेमे पोचवायचा वीस वर्षांचा करार केला, धंदा उभाच राहिला नाही, वर्षाच्या आत करार मोडला, पण वहीत तोपर्यंत जवळपास ११ कोटी डॉलरचा नफा लिहून झाला होता.

मग खड्डे लपवायला अँड्र्यू फास्टाव, म्हणजे त्यांचा मुख्य वित्त अधिकारी, बाजूला कंपन्या काढत गेला. आपल्याकडे कसं, कर्ज मेव्हण्याच्या नावावर आणि बंगला बायकोच्या, तसं. एका कंपनीचं नाव एलजेएम, तर ती त्याच्या बायकोच्या नि दोन मुलांच्या नावांची आद्याक्षरं. अशा बऱ्याच कंपन्यांना तारण काय, तर एन्रॉनचाच शेअर. शेअर चढता आहे तोवर ठीक, पडला की सगळं एकदम. ऑगस्ट २००० मध्ये तो नव्वद डॉलरच्या आसपास होता, सव्वा वर्षात मातीमोल.

आणि आता माझा आवडता प्रश्न. या सगळ्यावर सही कुणाची? आर्थर अँडरसन, तेव्हाच्या जगातल्या पाच मोठ्या ऑडिट कंपन्यांपैकी एक. २००० साली एन्रॉनकडून त्यांना ऑडिटचे अडीच कोटी डॉलर मिळाले आणि सल्ला देण्याचे २ कोटी ७० लाख. ज्याचे पेपर तपासायचे त्याच्याचकडे शिकवणी, फी पण शिकवणीची जास्त. तू सीए करणार असशील तर एवढं एक वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिही, बाकी तुझे सर शिकवतीलच.

आमच्या ह्यांचे रिटायरमेंटचे पैसे एका पतसंस्थेत अडकलेत. तुम्ही सांगितलेल्या फिल्म बघून आम्हाला काय मिळणार? मनस्तापच ना?
(एक वाचक, ठाणे)

ताई, अगदी बरोबर बोललात आणि मला राग नाही आला. पैसे मिळणार नाहीत. माझ्या मावशीचे पण असेच गेले, गावातली पतपेढी, चेअरमन घरी गणपतीला यायचे, मावशी मोदक द्यायची. मी बँकेत, मला तिने विचारलं पण होतं आणि मी म्हटलं की दीड टक्का जास्त देतात म्हणजे काहीतरी असेल मावशी, बघ बाई. 'बघ बाई' म्हणून मी मोकळी झाले. ते मला अजून खातं.

तुम्हाला बघायचीच असेल तर मॅडॉफची बघा, 'मॅडॉफ: द मॉन्स्टर ऑफ वॉल स्ट्रीट', जो बर्लिंजरची, चार भागांची, २०२३ ला नेटफ्लिक्सवर आली. मनस्ताप होईल पण एक गोष्ट होईल, आपणच मूर्ख होतो हे जे मनात बसलेलं असतं ना ते थोडं हलेल. कारण तिथे बुडालेल्यांत बँका होत्या, मोठमोठे ट्रस्ट होते, पैशाचाच धंदा करणारे होते. बर्नी मॅडॉफ म्हणजे लोकांचे पैसे गुंतवतो म्हणून घेणारा न्यूयॉर्कचा माणूस, तो डोळे दिपवणारं व्याज देत नव्हता, वर्षाला दहा-बारा टक्के, पण बाजार चढो की पडो दरवर्षी न चुकता, आणि लोकांना ते सुरक्षित वाटलं. हॅरी मार्कोपोलोस नावाचा एक आकडेवाला माणूस २००० सालापासून एसईसीला लिहून कळवत होता की हे गणितात बसत नाही, कुणी ढुंकून बघितलं नाही. शेवटी २००८ च्या मंदीत लोकांनी एकदम पैसे परत मागितले आणि पेटी रिकामी निघाली, कागदावर जवळपास ६५ अब्ज डॉलर होते. १५० वर्षांची शिक्षा झाली, २०२१ मध्ये तुरुंगातच वारला.

आणि याचे हिशोब तपासणारा कोण, तर न्यूयॉर्कच्या बाहेर दुकानांच्या रांगेतलं एक छोटंसं ऑफिस, खरं काम करणारा अकाउंटंट एकच. अब्जावधी डॉलर, आणि सही तिथली. हे कुणीही जाऊन बघू शकत होतं हो. म्हणून आता जिथे कुठे पैसे ठेवाल तिथला वार्षिक अहवाल मागा, ऑडिटर कोण आहे, किती वर्षं तोच आहे, ऑडिट वर्ग कुठला मिळालाय ते बघा. 'कशाला हवंय तुम्हाला' असं उत्तर आलं तर व्याज किती ते विचारू पण नका, उठा. आणि अडकलेल्या पैशांसाठी इतर ठेवीदारांना गाठून एकत्र जा सहकार निबंधकांकडे, एकट्या बाईला ते लोक बाकावर बसवून ठेवतात.

एन्रॉनची फिल्म सगळ्यांनी मिळून बघण्यासारखी आहे का?
(एक वाचक, सातारा)

आहे, पण स्ट्रिप क्लबची दृश्यं आहेत. सासूबाई शेजारी असतील तर रिमोट हातात ठेवा.

तुमचा लेख एकतर्फी वाटला. मी कारखान्यात ३४ वर्षं काढली. नफा कमावणं म्हणजे चोरी नव्हे. कंपन्या नसत्या तर आमची घरं चालली नसती.
(एक निवृत्त अभियंता, नाशिक)

साहेब, मान्य. माझं पण घर पगारावरच चाललं. पण तुम्ही अभियंता आहात म्हणून तुम्हाला मुद्दाम रोरी केनेडीची 'डाउनफॉल: द केस अगेन्स्ट बोइंग' सुचवते, २०२२ ची आहे. त्यात कंपनीला शिव्या घालणारे लोक कोण आहेत बघा, तिथेच आयुष्य घालवलेले कामगार आणि क्वालिटीवाले. त्यांना कंपनी आपली वाटायची, तीच तर त्यांची दुखरी नस आहे.

गोष्ट थोडक्यात अशी की ७३७ मॅक्स या विमानात एमकॅस नावाची एक प्रणाली घातली, ती एकाच सेन्सरच्या भरवशावर विमानाचं नाक खाली दाबू शकत होती, आणि पायलटांच्या मॅन्युअलमध्ये तिचा उल्लेख नव्हता. का? तर नवीन काही आहे म्हटलं की सिम्युलेटरवर ट्रेनिंग द्यावं लागणार, आणि ट्रेनिंग लागलं तर एका मोठ्या गिऱ्हाइकाला, साउथवेस्टला, विमानामागे १० लाख डॉलर सूट द्यायचं कबूल केलेलं होतं. ऑक्टोबर २०१८ ला इंडोनेशियात एक पडलं, मार्च २०१९ ला इथिओपियात दुसरं, मिळून ३४६ माणसं. पहिल्या विमानाचा कॅप्टन आपल्या दिल्लीचा मुलगा होता, त्याची बायको फिल्ममध्ये बोलते. पहिल्या अपघातानंतर बोट पायलटकडेच दाखवलं गेलं होतं. नफ्याला माझा विरोध नाही हो, तुम्ही ३४ वर्षांत कधी असा सेन्सर पास केला असतात का, एवढंच विचारते. नसता केलात, मला पत्रावरूनच कळतंय.

मी स्टार्टअपमध्ये आहे. थेरानोसवरची 'द इन्व्हेंटर' बघितली. पण ताई, आमच्या लाइनमध्ये थोडं वाढवून सांगावंच लागतं, नाहीतर फंडिंग येत नाही. मग एलिझाबेथ होम्सचं चुकलं कुठे?
(एक वाचक, हिंजवडी)

बाळा, अॅप हँग झालं तर लोक फोन बंद करून चालू करतात. रक्ताचा रिपोर्ट चुकला तर काय बंद करून चालू करायचं? तिचं चुकलं ते इथे. थेरानोस ही तिने काढलेली रक्त तपासणीची कंपनी, बोटाच्या टोकाच्या चार थेंबांत शेकडो तपासण्या करतो म्हणायची, मशीनला ते जमत नव्हतं, आणि वॉलग्रीन्स या औषधवाल्यांच्या दुकानात खरे पेशंट येऊन रक्त देत होते. कंपनीची किंमत एका वेळी ९ अब्ज डॉलर लावलेली. संचालक मंडळावर हेन्री किसिंजर, जॉर्ज शुल्ट्झ, नंतर जेम्स मॅटिस, म्हणजे परराष्ट्र धोरण नि लढाया यावर केव्हाही विचारा, रक्तातली साखर कशी मोजतात हे कोण सांगणार? आणि बोंब कुणी मारली, तर तिथे नोकरी करणाऱ्या दोन पोरांनी, एरिका चंग आणि टायलर शुल्ट्झ, त्यातला टायलर तर त्याच जॉर्ज शुल्ट्झचा नातू. आजोबांनी आधी नातवाचं ऐकलं नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये होम्सला सव्वाअकरा वर्षांची शिक्षा लागली.

ही फिल्म पण गिब्नीचीच, २०१९ ची. त्यात ती चकचकीत, डोळ्यात डोळे घालून बोलणारी दृश्यं दिसतात ना, त्यातली बरीच कंपनीने स्वतःच्या प्रसिद्धीसाठी एरॉल मॉरिस या नावाजलेल्या डॉक्युमेंटरीवाल्याकडून करून घेतली होती. तुमच्या ऑफिसातले ते 'आमची कहाणी' व्हिडिओ जरा जपून काढा.

अर्थशास्त्र शिकवतो. 'इनसाइड जॉब'चा उल्लेख तुम्ही एका ओळीत उरकलात. का?
(एक प्राध्यापक, सांगली)

सर, घाबरून. प्राध्यापकांची सगळ्यात जास्त धुलाई त्यातच आहे. चार्ल्स फर्ग्युसनची २०१० ची फिल्म, २००८ च्या आर्थिक कोसळण्यावर, हिला ऑस्कर पण मिळालं. तुम्ही बघितलीच असणार, बाकीच्यांसाठी सांगते, फ्रेडरिक मिश्किन या कोलंबियाच्या प्राध्यापकांनी आइसलँडच्या चेंबर ऑफ कॉमर्सकडून १,२४,००० डॉलर घेऊन तिथली आर्थिक व्यवस्था कशी भक्कम आहे असा अहवाल २००६ मध्ये लिहिला. २००८ ला तिथल्या तिन्ही मोठ्या बँका गेल्या. नंतर त्यांच्या बायोडेटात त्या अहवालाच्या नावात 'स्थैर्य'च्या जागी 'अस्थैर्य' छापलेलं निघालं. कॅमेऱ्यासमोर विचारलं तर म्हणे टायपिंगची चूक असेल. एका 'अ'ची किंमत! मी तो भाग तीनदा बघितलाय.

आपले रघुराम राजन पण आहेत त्यात, त्यांनी २००५ मध्येच धोक्याचा इशारा दिला होता आणि मोठ्या लोकांनी त्यांची टर उडवली होती. फिल्मनंतर ओरड एवढी झाली की २०१२ मध्ये अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांच्या संघटनेने पेपर छापताना पैसे कुणाकडून घेतलेत ते सांगायचा नियम केला. डॉक्युमेंटरीने काही बदलतं का असं विचारणाऱ्यांना मी एवढं उदाहरण देते, जास्त देण्यासारखी माझ्याकडे नाहीत.

आपल्याकडे अशा डॉक्युमेंटरी का निघत नाहीत?
(तिघांनी विचारलंय, मुंबई, नागपूर आणि पणजी)

निघतात, पण पडद्यापर्यंत येताना दमछाक होते. २०२० ची नेटफ्लिक्सची 'बॅड बॉय बिलियनेअर्स: इंडिया' आठवा. विजय मल्ल्या, नीरव मोदी, सुब्रत रॉय आणि सत्यमचे रामलिंग राजू असे चार भाग ठरले होते. सप्टेंबरात यायची होती, तर बिहारमधल्या अररियाच्या कोर्टातून एक स्थगिती, हैदराबादच्या कोर्टातून दुसरी, दिल्ली हायकोर्टात मेहुल चोक्सी. ऑक्टोबरमध्ये आली ती तीनच भाग घेऊन, राजूंचा भाग वगळून. आता राजूंनी ७ जानेवारी २००९ ला स्वतः पत्र लिहून हिशोब फुगवल्याची कबुली दिलेली, वाघावर बसलो होतो, उतरलो तर वाघ खाईल अशी अवस्था होती हे त्यांचंच म्हणणं, ते सगळ्या पेपरांत छापून आलेलं. तरीही. मग छोट्या निर्मात्याने वकिलाची फी कुठून आणायची? म्हणून आपल्याकडे सिरीज निघतात, नट असतात, पार्श्वसंगीत असतं, आणि बघून झाल्यावर पोरं त्या घोटाळेवाल्याचे डायलॉग स्टेटसला ठेवतात.

दाभोळ आमच्या दापोली तालुक्यात, आणि एन्रॉन होतं खाडीपलीकडे, गुहागरच्या बाजूला. इतकी वर्षं बदनामी मात्र आमच्या गावाची. कृपया दुरुस्ती करावी.
(एक वाचक, दापोली)

केली. वाशिष्ठीच्या अलीकडे दाभोळ, पलीकडे अंजनवेल-वेलदूर, आणि प्रकल्प पलीकडे. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने गेलेल्या कुणालाही हे कळतं, ह्यूस्टनमध्ये बसून नाव ठेवणाऱ्यांना कळलं नसावं. त्यांना कळवायची सोय आता राहिली नाही, एन्रॉनच्या ऑफिसबाहेरचा तो तिरका 'ई', त्यांची खूण, तोसुद्धा २००२ मध्येच लिलावात गेला, ४४,००० डॉलरला.